शेडकार्ड

हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात
पाशाभाई पेंटरनं शेडकार्ड उघडलं:
अठ्ठावीस पांढरे, नावं सगळी इंग्रजी.
"एकबी नको. मे महिन्यात दोन वाजता
ही भिंत डोळ्यांत मीठ घालती."

म्हणून कंबरेपर्यंत राखाडी,
वर ताकाचा रंग,
अन् फरशीवर, वीतभरच, हिरवा पट्टा
केसपेपरच्या खिडकीपासून सोनोग्राफीपर्यंत,
वळणावर जरा जाड.

साहेब म्हणाले, आणखी दोन रंग टाका, उठाव येईल.
पाशाभाईनं ब्रश रॉकेलात बुडवून ठेवला.

सेनगावची अयोध्याबाई
पाटीकडं न बघता,
कुणाला न विचारता
धुऱ्यावरनं चालावं तशी आली,
पट्ट्याच्या कडेकडेनं,
चपला हातात.
ओल्या रंगावर पाय नको म्हणून.

रंग वाळून आठ दिवस झालेले.