कप्पा तिसरा

सकाळी सातला इनासमामा
रायबंदरच्या आगरात मीठ ओढत होता.
मी बांधावर उकिडवी बसून चिखल घेतला.
पाच ग्रॅम. नळीवर तारीख, क्षारता, कप्पा तिसरा.
"इतकोच?" तो म्हणाला.
टोपल्यांनी मोजणाऱ्याला
ही चोरीसुद्धा वाटली नसावी.

लॅबमध्ये जिवाणू वाढवला, पेशी फोडली.
आत एक धागा, गोल,
सुरुवात नसलेला;
आम्हीच सोयीनं एका जनुकाशी थांबतो
आणि म्हणतो, इथून वाचूया.
मुठीएवढ्या यंत्राच्या छिद्रांतून धागा सरकतो,
वीज किंचित थरथरते,
आणि पडद्यावर चारच अक्षरं,
ना काना, ना मात्रा,
रात्रभर.
हजारो तुकडे. एकाचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडाशी
जुळवता जुळवता संगणक तापतो.
दोन जागी जुळलंच नाही.
बांधाला खांड पडावी तशी ती राहिली.

तिसऱ्या रात्री एक छोटा गोल सापडला,
मोठ्यापासून सुटा.
त्यावर एक पंप लिहिलेला:
मँगनीज आत आलं की उपसून बाहेर.
हा वारशानं आलेला नव्हता,
अक्षरांची वळणंच परकी होती.
कधीतरी कुणा शेजाऱ्यानं दिला असणार,
कूळ न विचारता.
समोरच्या मांडवीतून खनिजाच्या बार्जी जायच्या;
धूळ पाण्यात, पाणी मानशीतून आत.
बार्जी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, मोर्चे निघाले, अग्रलेख आले.
यानं अर्ज केला नाही.
पंप बसवला आणि इथेच राहिला.

बाकी अकराशे जनुकांसमोर
एकच शेरा: कार्य अज्ञात.
वाचता वाचता मला
वाळपईच्या घरातलं रेशनकार्ड आठवलं,
आईच्या नावापुढे, व्यवसाय: काही नाही.
त्या रात्री मी पुढची यादी वाचली नाही.

मेमध्ये इनासमामाला सगळं सांगितलं.
फाळ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून त्यानं ऐकलं.
"मीठ खावंक जाता मगो?"
तपासलंय, म्हटलं, जातं.
तो दोन पावलं गेला, वळला.
"आनी तो भायर उडयता तें
वता खंय?"

ते अक्षरांत नव्हतं.
मी नळ्या शोधू लागले.
भरती चढत होती,
तो मानशीची फळी खाली सोडायला निघाला.