जांभळी फीत

आतलं पुठ्ठ्याचं नळकांडं आधी काढून टाकायचं.
कुणाच्या डोळ्याला लागलं, तर शोभेल का?
मग फीत पुन्हा गुंडाळायची, सैलसर,
म्हणजे हातातून सुटली की हवेत उलगडत जाते,
दगडासारखी पडत नाही.
गेल्या रविवारपासून रोज रात्री दोन
अशा बारा केल्या. सगळ्या जांभळ्या.
त्यांना माकुळांचा वास येतो, त्याला इलाज नाही.
कारखान्यात दिवसभर मी तीच सोलते.

हाचिनोहेतल्या शाळेचा व्यायामाचा हॉल.
लाकडी जमिनीवर निळं प्लास्टिक,
बूट पिशवीत, पायांत सपाता,
कोपऱ्यात रॉकेलच्या दोन शेगड्या,
आणि मधोमध रिंग,
सकाळी ट्रकमधून उतरवलेली, रात्री पुन्हा चढवायची.
सुक्या मासळीवाले इवाबुचीसुद्धा आलेत,
गळ्यात पांढरा टॉवेल.

आज सगळं गाव पांढरं.
कानेहामांचा ताकुतो पहिल्यांदाच घरच्या रिंगमध्ये.
एका उन्हाळ्यात तो माझ्या शेजारच्या टेबलावर होता.
बोट कापलं तेव्हा रडला,
पट्टी मीच बांधली.
आता त्याचं नाव पुकारलं
आणि छतापर्यंत पांढऱ्या फितींचा पूर.
मीही टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू?

मग कुरोइवा बान्साकु.
एक्कावन्न वर्षांचा, पोट सुटलेला,
डाव्या गुडघ्याला काळी पट्टी.
दीडशे माणसं ओरडली, परत जा!
मी एकटी उभी राहिले आणि एकामागून एक फेकत गेले.
त्याने माझ्या जांभळ्या फिती पायाखाली तुडवल्या.
तुडवायलाच हव्यात. दुष्ट आहे ना तो.

धाकटा भाऊ म्हणतो, ताई, ही सगळी नुरा कुस्ती.
निकाल आधीच ठरलेला.
असेल.
आमच्याकडे मुकादम कोण होणार तेही आधीच ठरतं,
पण तिथे माझ्यासाठी
कुणी दोरावरून उडी मारत नाही.
आणि उघड्या छातीवर तळहात बसतो,
तो फट्ट असा आवाज,
नंतर उमटणारी पाच बोटं,
ती कोण ठरवणार?

मारामारी रिंगबाहेर आली.
माणसं खुर्च्या सोडून पळाली, मी जरा उशिरा.
बान्साकु माझ्यासमोर. घाम, मलमाचा उग्र वास.
"हट, म्हातारे!"
माझी खुर्ची उचलली, डोक्यावर धरली,
आणि खुर्चीखाली ठेवलेला माझा थर्मास
पायाच्या टोकाने हळूच
भिंतीकडे सरकवला.
कुणी पाहिलं नाही. मग गरजला,
आणि खुर्ची पोराच्या पाठीत.

शेवटी ताकुतो खांबावर चढला.
सगळे वर पाहत होते. मी खाली पाहत होते.
उडी कमी पडणार होती.
बान्साकु झोकांड्या खात
अर्धं पाऊल पुढे सरकला,
तोच दुखरा गुडघा टेकवत,
आणि त्या पोराला पुरा छातीवर घेऊन आडवा झाला.
एक. दोन. तीन.
इवाबुची रडत होते.
मीही काहीतरी ओरडले, कुणाचं नाव ते आठवत नाही.

बाहेर दाराशी त्याचं टेबल.
गुडघ्याला बर्फाची पिशवी, समोर टॉवेलांची चळत.
मला म्हणायचं होतं,
मी पाहिलं.
म्हटलं, "एक द्या. जांभळा."
"काय टक लावून बघतेस?" तो खेकसला,
आणि उरलेले पैसे दोन्ही हातांनी,
किंचित मान झुकवून, माझ्या हातावर ठेवले.

नवशिकी पोरं हॉलमध्ये
फिती कचऱ्याच्या पिशवीत कोंबत होती,
पांढऱ्या, जांभळ्या, एकाच पिशवीत.
बसला अजून वीस मिनिटं होती.
चहा गरम होता.