एक लाख नव्वद हजार एकशे एकाहत्तर

दुसऱ्या पाळीत, साडेसहाच्या सुमारास
माझ्या हाताखालून गेली ती नोट.
अशोकस्तंभाजवळ शाईचा ठिपका, तिळाएवढा.
मी फुली मारली,
पगारेबाईंनी सही केली.
बाद.

प्रेसच्या गेटवर झडती नेहमीसारखी:
डबा उघडा, पर्स उलटी करा, चपला झटका.
आकडा डोक्यात होता.
तो कुणी मागितला नाही.

१९०१७१.
रिक्षात त्याच्याशी बोलत आले.
विषम आहेस, म्हणजे दोन गेला.
शेवटी एक, म्हणजे पाच गेला.
अंकांची बेरीज एकोणीस, तीनही गेला.
बिटकोच्या सिग्नलला सातानं भागलं, दोन उरले.
अकरानं तीन. तेरानं सात. सतरानं नऊ.
मूळ असशील, म्हटलं, न फुटणारा,
आणि तेवढ्यात देवळालीच्या शाळेतला
डोलत म्हटलेला पाढा जिभेवर आला:
एकोणीस नव्वे एकाहत्तरासे,
एकोणीस दाहे नव्वदासे.
एकशे नव्वद, एकशे एकाहत्तर,
शेजारीशेजारी, दाराच्या दोन झडपा.
ढकलावं लागलंच नाही.

एकोणीस गुणिले दहा हजार नऊ.
स्वतःच्याच अंकांच्या बेरजेनं भाग जातो,
म्हणजे हर्षद!
मी हसले. रिक्षावाल्यानं आरशात पाहिलं.

जेलरोडच्या घरी, वीजबिलाच्या पाठीवर
दहा हजार नऊला धरलं.
शंभराच्या आतल्या पंचवीसच्या पंचवीस मूळसंख्या
एकेक करून दारातून परत पाठवल्या.
एकेचाळिसाला पाच उरले आणि भाकरी करपली.
सत्त्याण्णवला अठरा.
नाही फुटत.
दोन घरं अलीकडे दहा हजार सात, तोही असाच हट्टी.
जुळे. मधे एक सम संख्या, सामाईक भिंतीसारखी.

स्वयंभू आहेस का रे?
त्र्यंबकला विचारावं तसं हळूच विचारलं.
नव्हता.
एक लाख नव्वद हजार एकशे अठ्ठेचाळीस,
तिच्या अंकांची बेरीज तेवीस,
ती तिच्यातच मिळवली की हा जन्मतो.
आई सापडली.
ती नोट चांगली होती. तेवीस नोटा आधी
माझ्याच बोटांखालून गेली,
उद्यापरवा लासलगावला कांद्याच्या हिशेबात
थुंकी लावून मोजली जाईल.

शेवटी भाजक मांडले:
एक, एकोणीस, दहा हजार नऊ.
बेरीज दहा हजार एकोणतीस.
स्वतःइतकं व्हायला केवढं कमी!
वर्ग: न्यून.
माझ्या गोपनीय अहवालात साहेबांनी एकदा
असाच एका शब्दाचा शेरा मारला होता.
मी सही करून परत दिला होता.

ती नोट यंत्रात जाईल, भुसा होऊन निघेल,
तिच्या जागी चांदणी छापलेली दुसरी बसेल.
यंत्राचं पातं कशावरही चालतं.
ह्या आकड्यावर दोनच पाती चालतात,
त्यातलं एक
त्याच्या स्वतःच्या अंकांचं.

बिल घडी करून डब्याखाली ठेवलं.
भरायची शेवटची तारीख सतरा.
सतरानं नऊ उरतात.