रकाना नववा

रजिस्टरात नववा रकाना जन्मवेळेचा.
तिथे मी लिहिलंय दोन सत्तेचाळीस,
निळ्या पेनाने, खाडाखोड न करता.

ही वेळ मी पाहिलेली नाही.

रिक्षा थेट कॅज्युअल्टीच्या रॅम्पवर चढली,
ट्रॉम्बे कोळीवाड्यातून, मीटर चालूच.
चालकाने, मुस्तकीम नाव त्याचं,
आधी मान फिरवली, मग हाक मारली.
मागे हर्षला वैती, वय चोवीस, दुसरी खेप,
आणि तिच्या सासूच्या ओंजळीत
बाळाचं डोकं. फक्त डोकं.

प्रसूतिकक्ष तिसऱ्या मजल्यावर,
आणि लिफ्ट बोलावून येणारी नाही.
पाय प्लास्टरात घातलेला एक माणूस होता आमच्या खाटेवर,
भिकाजीमामांनी त्याला व्हीलचेअरवर घालून
भिंतीकडे तोंड करून ठेवला.
तो भिंतीशीच म्हणाला, होऊ दे, होऊ दे नीट.
डॉक्टर फुर्टाडो म्हणाल्या, आता जोर नको,
फुंकर मार, गरम चहावर मारतात तशी.
हर्षला चहा निववत राहिली
आणि एक खांदा आला, मग दुसरा.

मुलगी. निळसर. गप्प.
सगुणामावशींनी टॉवेलने पाठ चोळली,
तळव्याला टिचकी मारली, आणि सणसणीत शिवी घातली,
तेव्हा कुठे ती चिडून रडली.
आम्ही हसलो.
वार पडेपर्यंत हसायचं नसतं, हे मला
एकोणीस वर्षं माहीत आहे, तरी हसलो.

वार पडली. तिच्या मागून रक्त,
ठिबकणारं नव्हे, आवाज करणारं.
मी म्हटलं, पोट मऊ आहे.
एवढंच. फुर्टाडोंची मूठ आत गेली,
माझा तळवा बाहेरून, बेंबीपाशी,
आणि दोघींच्या हातांमध्ये
ती दमलेली पिशवी,
नऊ महिने ताणून ताणून
आता आवळायचं कसं तेच विसरलेली.
फ्रिजमधली इंजेक्शनं, दोन्ही हातांना सलाईन,
भिकाजीमामा चपला हातात घेऊन रक्तपेढीकडे.
सासू म्हणते माझं काढा, माझं काढा,
दारातून मुस्तकीम, मेरा ओ पॉझिटिव्ह है, लिख लो.
हर्षला काहीच म्हणत नव्हती.
तिचे ओठ कागदासारखे झाले होते.

भिंतीवर घड्याळ होतं.
पण वर बघायला जी मान लागते
ती कुणाकडेच शिल्लक नव्हती.

सोडू?
नको.
आता?
नको, धर.

मग माझ्या तळव्याखाली काहीतरी गोळा होत आलं,
हळूहळू, रुसलेलं माणूस जेवायला बसतं तसं,
आणि कच्च्या पपईसारखं कडक झालं.
फुर्टाडोंनी हात काढला. बोटं उघडेनात,
तिने ती दुसऱ्या हाताने एकेक सोडवली.
तेवढ्यात लिफ्ट आली,
रिकामी. दार उघडलं, मिटलं.

रजिस्टर पहाटे भरलं.
आणणाऱ्याच्या रकान्यात मुस्तकीमने सही केली,
नात्याचा रकाना बघितला, तसाच सोडला.
नवव्यापाशी मी अडले.
मामा म्हणाले अडीच, मावशी म्हणाल्या तीनला टेकले असतील.
मी सत्तेचाळीस लिहिलं,
कारण विषम आकडा खरा दिसतो.

पाच महिन्यांनी हर्षला आली, पोरीला घेऊन.
सासूबाईंना पत्रिका करायची होती.
ज्योतिषी म्हणतो, मिनिट चुकलं तर घर चुकतं.
मी पान काढलं. तिने बोट ठेवलं.
हे बरोबर ना, सिस्टर?
पोरगी माझ्या ओळखपत्राची दोरी चावत होती.
बरोबर, मी म्हटलं.

तिने आकडा तळहातावर उतरवून घेतला.
मग पान उलटू देईना.
आणि माझी?
तुझी कसली?
मी परत आले, ती वेळ.

सोळा रकाने आहेत.
शेवटचा शेऱ्याचा. तिथे माझ्याच अक्षरात:
रुग्ण वॉर्डात पाठवली.