जेवणाच्या सुट्टीतली सभा

छापील पत्रिकेत आमची वेळ नसते.
दीड ते दोन, कूलरमागची खोली,
खुर्च्या अकरा, बाया सतरा.
निबंध ऐकायचा तर कूलर बंद करावा लागतो
आणि बाहेर त्रेचाळीस.

वत्सला लांजेवार पावतीपुस्तक उघडते.
शिल्लक चार हजार दोनशे.
अचिएंगला किसुमूचं भाडं हवंय,
सरोवराकाठी मासे विकणाऱ्या बायांचे
हिशेब ती उतरवून घेते आहे.
तीच अचिएंग, जिला धरमपेठेत
फोनवर रिकामी असलेली खोली
दारात पोचेपर्यंत भरलेली असायची.

पुरी हातात धरून सचिव डोकावतात:
"आफ्रिका काहून बाप्पा? इथल्या बाया सरल्या का?"

कुणी बोलत नाही.
बंद कूलर टपकत राहतो.
अचिएंग वाचते आहे:
लिहिता येत नव्हतं म्हणून एकीने
उधारीच्या रेघा होडीच्या फळीवर
खिळ्याने ओढल्या होत्या.
नवरा होडी विकायला निघाला
तर म्हणाली, आधी फळी काढून दे.

वत्सलाची आई बुधवारी बाजारात वांगी विकायची.
वत्सला मान वर करत नाही.
कार्बन नीट बसवते, तारीख घालते.
"सर, पन्नास लिहू की शंभर?"