एकोणनव्वद ग्रेन

सदरमध्ये, फरामजींच्या बंदुकांच्या दुकानात
माझा बाप काउंटरमागे उभा असायचा. एकवीस वर्षं.
स्वतः कधी एक बार काढला नाही त्यानं.
हातमाग सोडून आलेला कोष्टी तो,
सुताचा नंबर बोटांनी ओळखणारा;
काडतुसंही तशीच ओळखायचा, डोळे मिटून.

गिऱ्हाईक आलं की आधी विचारायचा,
"कायच्यासाठी?"
मग, "किती कदमांवरून?"
मग जरा थांबून, "हात कापते का?"
तिसऱ्या प्रश्नाला साहेब लोक चिडायचे.

चितळासाठी तीनशे पंचाहत्तर मागणाऱ्याला म्हणायचा,
"मांस नाही उरणार साहेब, चिंध्या उरतीन."
सांबराला मऊ नाकाची, आत जाऊन फुलणारी.
गव्याला भरीव, जड, हट्टी;
खांद्याच्या हाडाशी हुज्जत न घालता
काळजापर्यंत जाणारी.
"जनावराले आवाज ऐकू नाही आला पाहिजे बाप्पा,
आवाजाच्या आधीच सारं होऊन जावं."

मे महिन्यात तो डबे आतल्या खोलीत हलवायचा,
माठापासून दोन हात दूर.
ओल नको, ऊनही नको.
शेचाळीस डिग्रीत बारूद माणसासारखीच वागते, म्हणायचा.
मी जेवणाचा डबा घेऊन गेले की
मलाही तिथंच बसवायचा, त्या सावलीत.

मग त्या दिवाळीनंतर
बॅरिस्टरांचा धाकटा आला. गव्याचा परवाना खिशात.
जड गोळ्या संपल्या होत्या, मुंबईचा माल अडकलेला.
बापानं तिन्ही प्रश्न विचारले.
गल्ल्यावरून फरामजींनी नुसता चष्मा काढून पुसला.
बापानं तीस-शून्य-सहाचा डबा पुढे सरकवला,
मऊ नाकाच्या, दोनशे वीस ग्रेनच्या.

नवव्या दिवशी उमरेडकडून सोमा कुमरे आला,
पायांना नाल्याचा वाळलेला गाळ.
फडक्याची गाठ सोडून काउंटरवर ठेवली
सात्यासारखी उमललेली शिशाची गोळी.
"खांद्यातच फुलली," म्हणाला.
"चार दिवस चालला. तीन पायांवर."
पाणी मागितलं, प्यायला,
भांडं उपडं ठेवून गेला.

बाप त्या संध्याकाळी घरी उशिरा आला.
कुठं गेला होता, ते मला
तो गेल्यावर ट्रंकेत सापडलं.

शिकार बंद झाली, दुकान बंद झालं,
तिथं आता मोबाईलची कव्हरं मिळतात.
ट्रंकेत ती गोळी होती,
आणि तिच्याभोवती गुंडाळलेलं दुकानाचं बिल.
पाठीवर इतवारीतल्या सोनाराचं अक्षर: सत्तर गुंजा.
त्याखाली बापाची पेन्सिल,
गुंजांचे केलेले ग्रेन, एकशे एकतीस.
दोनशे विसातून वजा केलेले,
हातचा दोनदा घेऊन, लहान मुलासारखा
आकड्यांच्या डोक्यावर लिहून.

उत्तराखाली रेघ इतकी दाबून ओढलेली
की कागद फाटलाय.
शेजारी एवढंच:
आत राहिले.