ऐंशी

पंपाच्या खोलीत आधी कानानं शिरायचं,
मग डोळ्यानं.
एलिफास चिविकुआंनी पहिल्याच दिवशी हे सांगितलं
आणि वाकून आत गेले. दार ठेंगणं आहे.

फिल्टरच्या पोटावर जाड काळ्या शाईत: ८०.
"नवी वाळू भरली त्या दिवशीचा आकडा.
ताडून बघायचं ते ह्याच्याशी.
शेजारच्या हॉटेलचा काटा काय म्हणतो ते त्याचं तो बघेल."

काटा चढला, तर अडलंय ते पुढे, वाळूत.
काटा पडला, तर अडलंय ते मागे,
बहुधा जाळीच्या टोपलीत,
आणि विंडहुकमध्ये बहुधा म्हणजे सुगरणी.
नरानं आठवडाभर विणलेलं घर
मादीनं एकदा आत डोकावून नाकारलं
की अख्खं घरटं पाण्यात.
टोपलीतून मी ओली, हिरवी, नापसंत घरं काढायचो.

"एकशे तीस झाल्याशिवाय वाळू उलटी धुवायची नाही."
तिसरं वर्ष कोरडं चाललेलं,
पाणीकपातीचं पत्रक फाटकावर उन्हानं पिवळं.
एका धुण्याला पाचशे लिटर.
शिवाय, ते म्हणायचे, जरा मळलेली वाळूच बारीक गाळते;
कोरी वाळू नव्या पहारेकऱ्यासारखी,
सगळ्यांना सलाम करून आत सोडते.

मग ओकाकाराराला त्यांचा मेहुणा वारला.
ते गेले. वही माझ्याकडे आली.

सोमवार, ८०.
मंगळवार, ८०.
पूर्वेचा वारा दोन दिवस वाळवंट घेऊन आला. ८०, ८०.
स्वाकोपमुंडहून लग्नाचं वऱ्हाड, सोळा पोरं,
प्रत्येकाच्या अंगावर बोटभर क्रीम. ८०.
मालकीणबाई म्हणाल्या, छान सांभाळतोयस.
मला ते खरं वाटलं.

बाराव्या दिवशी पाणी असं दिसलं
की ओमाएरेचं आंबट भांडं कुणी त्यात विसळलंय.
क्लोरीन वाढवलं. वहीत लिहिलं, ८०.

तेराव्या दिवशी गल्लीतली वीज गेली.
पंप बंद. खोलीत माझ्या श्वासाखेरीज काही नाही.
आणि काटा: ८०.

काचेवर टिचकी मारली.
ऐंशी.
नळीतला थेंब हलत नव्हता,
हा मात्र ठामपणे सांगत होता सगळं ठीक आहे,
आणि मी तेरा दिवस ते
सुवाच्य अक्षरात उतरवून घेत होतो.

एलिफास रविवारी परतले, अजून काळ्या टोपीत.
उभ्यानंच वही वाचली, बोट खाली खाली नेत.
"इतकं धडधाकट कुणीच नसतं, पोरा."
एवढंच.
ओरडले असते तर बरं झालं असतं.

नव्या मापकाच्या आट्यांवर पांढरी टेप, तीन वेढे.
हातानंच आवळला.
पंप लावला. काटा शून्यावरून उठला,
ऐंशीशी थांबला नाही, शंभराशी नाही,
एकशे पन्नासपाशी थरथरत उभा राहिला,
उशिरा का होईना बोलायला मिळालेल्या माणसासारखा.

पंप बंद, मगच दांडा फिरवायचा.
"चालू पंपावर एका घाईखोरानं फिरवला होता एकदा.
अख्खा व्हॉल्व्ह गेला."
कोण तो, मी विचारलं.
"त्याचा मेहुणा परवा वारला," म्हणाले,
आणि हसले, आणि मग बराच वेळ
बारक्या काचेतून धावणारं पाणी बघत राहिले:
आधी गढूळ तांबडं, मग चहा, मग नुसतं पाणी.
ते आम्ही दोन पिंपांत धरलं.
दोन दिवस उन्हात उघडं ठेवून
बाभळीच्या बुंध्याशी सोडलं.

मी खोडरबर आणलं होतं.
"राहू दे," म्हणाले. "पेन्सिलच आहे. आपोआप पुसट होईल."
झालेली नाही.

आता रोज पहाटे, पंप लावायच्या आधी,
काटा शून्यावर टेकलाय का ते बघतो.
खाली यायला जमतं त्याला,
एवढी खात्री झाली की वरचं ऐकतो.

आज सत्तर.
बाभळीवर पुन्हा कुणाचं तरी घर नापसंत झालंय.
टोपली उघडायला हवी.